प्रतिसाद: रविवारचा उपदेश पुरेसा आहे का?

रविवारी चर्चमध्ये उपदेश ऐकला की झालं, घरी रोज बायबल कशाला, असं काही जण म्हणतात. मला हे अजिबात पटत नाही. ठाण्यात जांभळी नाक्याला माझं धान्याचं दुकान आहे. खोट्या तराजूचा परमेश्वराला वीट आहे, हे बायबलमधल्या नीतिसूत्रे या पुस्तकात 11:1 मध्ये (अध्याय 11, वचन 1) स्पष्ट आहे. सोमवारी सकाळी काट्यावर डाळ घालताना तेच वचन हात धरतं. आणि बायबलमधल्याच याकोबाच्या पत्रातलं 1:19 घरासाठी: ऐकायला तत्पर, बोलायला सावकाश, रागाला मंद. (घरात दहावीचं मूल असेल तर हे भिंतीवर लावाच.) नीतिसूत्रांचे एकूण 31 अध्याय आहेत, म्हणजे तारखेप्रमाणे रोज एक वाचता येतो. फक्त एखादं वचन मागचं-पुढचं सोडून उचलू नका; अडलं तर चर्चच्या पाळकसाहेबांना (धर्मगुरूंना) विचारा.