विपणन, पणन की सरळ मार्केटिंग?

सांगली, मार्केट यार्डाजवळ : आमचं हळद पावडरीचं छोटं युनिट आहे. पुतणी एमबीए करून आली, आता बाहेरचं सगळं तीच बघते. तिचं कार्ड मराठीत करायला घेतलं आणि 'विपणन प्रमुख' असं लिहिलं. वडिलांनी चष्मा वर करून विचारलं, "हे ठीक आहे, पण विकायला कोण जाणार?" त्यांची हयात अडतीत गेली. मला काही उत्तर देता आलं नाही. विपणन आणि विक्री यात नेमका फरक काय?

मिरज : व्युत्पत्तीच्या बाजूने तुमचे वडीलच बरोबर आहेत. मूळ धातू 'पण्', म्हणजे देवघेव करणे. त्यातूनच पण्य म्हणजे विकायचा माल, संस्कृतातला 'आपण' म्हणजे दुकान. पैजेचा 'पण' तोच. संस्कृतात 'विपण' म्हणजे सरळ विक्रीच! फरक मराठीत अलीकडे पडला. बाजार समित्यांच्या 1963 च्या कायद्याच्या नावात 'पणन' आहे, म्हणून तो शब्द शेतमालाला आणि सरकारी कागदाला चिकटला. 'विपणन' कंपन्यांनी आणि पाठ्यपुस्तकांनी उचलला. बोलताना दोन्ही कुणाच्या तोंडी नाहीत.

एक गंमत. धातुपाठात, म्हणजे संस्कृत धातूंच्या जुन्या यादीत, 'पण व्यवहारे स्तुतौ च' असं आहे. म्हणजे व्यवहार करणे आणि स्तुती करणे, दोन्ही. मार्केटिंगवाल्यांनी हे फ्रेम करून लावावं.

तासगाव : स्तुतीचा मुद्दा पटला. पण यार्डात स्तुतीची गरजच नव्हती हो. राजापुरी हळकुंड घ्यायचं, कट्कन मोडायचं, आतला रंग बघायचा, बोटाला लागलेली पूड चोळायची. सौदा त्यावर. बाकीचं काम पत करायची. आता घेणारा पुण्यात नाहीतर दुबईत, त्याला हळकुंड मोडता येत नाही. त्याला दिसतो फोनमधला फोटो. मोडून दाखवण्याच्या जागी जे जे करावं लागतं ते मार्केटिंग, बाकी विक्री. सांगलीच्या हळदीला 2018 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं तेही त्यातलंच, न बघता विश्वास ठेवायची सोय. (टेनिसवाल्यांचंही मानांकनच. शब्दांची एवढी टंचाई?)

आणि 'ब्रँड'ला 'नाममुद्रा' करू नका, 'मार्का' आहे की! आमची आजी मार्का बघूनच काडेपेटी घ्यायची.

पलूस : आमच्याकडचा शब्द सांगतो, 'खबर'. किर्लोस्करवाडीचा कारखाना 1910 चा. 1920 मध्ये तिथून 'किर्लोस्कर खबर' निघू लागलं, सुरुवातीला कारखान्याची माहिती देणारं, पुढे चांगलं मासिकच झालं. त्याआधी लोखंडी नांगर विकताना लोक म्हणायचे, लोखंडाने जमीन नासते. अशा माणसाला विकत घ्या म्हणून काय उपयोग? आधी त्याच्या डोक्यातली भीती काढायला हवी. हल्ली याला कंटेंट मार्केटिंग म्हणतात आणि वर फी घेतात.

विटा : 'प्रमुख' या शब्दावर कुणीच बोललं नाही. व्यवसायातल्या लीडरला काय म्हणाल? 'पुढारी' म्हटलं तर आपल्या जिल्ह्यात लोक मागे कारखाना नाहीतर सोसायटी शोधतील.

मिरज : 'धुरीण' चांगला. धुरा म्हणजे जू, ते मानेवर घेणारा. नेता पुढे चालतो, धुरीण ओढतो. पण कार्डावर 'विपणन धुरीण' छापलंत तर मी ओळख दाखवणार नाही.

सांगली, मार्केट यार्डाजवळ : सगळ्यांचे आभार. पुतणीला 'विक्री व खबर' सुचवून बघितलं, ती हसत आत गेली. शेवटी 'मार्केटिंग' देवनागरीत छापतोय. वडिलांचं म्हणणं एवढंच, फोन नंबर मोठ्या अक्षरात टाका.