तांबट आळी महिन्यातून एक रविवार गाड्यांना बंद ठेवावी का?

कसबेकर
पुण्याच्या कसबा पेठेतल्या तांबट आळीसाठी एक विचार मांडतोय. महिन्यातून एका रविवारी आळीत गाड्या बंद. तांबटांनी कारखान्यांची दारं उघडी ठेवायची, लोकांनी समोर बसून मठारकाम, म्हणजे भांड्यावर हातोडीनं ठोके पाडण्याचं काम, बघायचं, पोरांच्या हातात हातोडा द्यायचा, जोडीला वस्तूंची विक्री.

पेशवाईत कोकणातून आलेल्या त्वष्टा कासार मंडळींची ही आळी. हंडे, घंगाळी, बंब, देवळांचे कळस, सगळं या हातांनी घडवलं. मग गीझर आला आणि बंब गेला, स्टील आलं आणि कळशी माळ्यावर गेली. शाळेतून येताना ठोक्यांच्या आवाजावरून आळी किती लांब आहे ते आम्ही सांगायचो. आता आळीत शिरल्यावरही कान द्यावा लागतो.

लक्ष्मी रस्त्यावर २०२१ पासून ११ डिसेंबरला पादचारी दिन होतो. कसबा पेठ मेट्रो स्टेशनही २०२४ पासून चालू आहे, त्यामुळे गाडी कुठे लावायची हे कारण उरलेलं नाही. मत सांगा.

मठार
मी आळीतलाच, घरात चौथी पिढी. माझा विरोध आहे.

पत्र्याचा गोल कापायचा, भट्टीत लाल करायचा, विझवायचा, चिंच-मिठानं घासायचा आणि मग लोखंडी दांड्यावर धरून ठोकायचा. ठोका शेजारच्या ठोक्याला चिकटून पडायला हवा, सगळे एका वजनाचे. एक जड पडला की भांडं उजेडात फिरवल्यावर तेवढीच जागा डोळ्यात खुपते. अशा वेळी कुणी "काका, जरा इकडे बघा" म्हणत मोबाइल पुढे केला की हात चुकतो.

असा एक कार्यक्रम मागे झाला होता, कुणी केला ते सोडा. आळी माणसांनी फुलली होती. दिवसभरात माझे तीनच तांबे विकले गेले, आणि किमतीवरून बोलणी ऐकली ती वेगळीच. "ऑनलाइन निम्म्यात मिळतो की!" तो साच्यात दाबून खड्डे पाडलेला असतो, दादा. सांगून सांगून घसा बसला. रविवार माझा सुट्टीचा वार आहे, तो मला घरच्यांसाठी हवा आहे.

पेठेतली सून
मठारदादांशी सहमत, पण माझं कारण वेगळं आहे. गणपतीत, नवरात्रात रस्ते बंद असतातच आणि ते आम्ही आनंदानं सोसतो, कारण ते आमचे सण आहेत. त्यावर आणखी बारा रविवार? घरात सासरे अंथरुणाला खिळलेले आहेत. रुग्णवाहिका कुठून आत येणार?

वाड्याची मागची भिंत टेकूवर उभी आहे. पाहुणे येतात, त्या टेकूसकट फोटो काढतात आणि "किती छान जुनं आहे हो" म्हणून जातात. पावसाळ्यात त्या भिंतीखाली आम्हाला झोपायचं असतं.

कसबेकर
ताई, रुग्णवाहिकेचा मुद्दा माझ्या डोक्यात आला नव्हता, चूक झाली. पण मुंबईतला काळा घोडा बघा. १९९९ पासून तिथे महोत्सव भरतो, आणि त्यातून जमलेल्या पैशांतून परिसरातल्या जुन्या वास्तूंची दुरुस्ती झाली. लोक आलेच नाहीत तर आळीकडे पालिकेचं तरी लक्ष का जाईल?

नकाशेवाला
काळा घोड्याची तुलना इथे बसत नाही. तिथे जहांगीर कलादालन आहे, डेव्हिड ससून ग्रंथालय आहे, मोठ्या संस्था आहेत, रुंद पदपथ आहेत. तांबट आळीत माणूस जिथे राहतो तिथेच किंवा त्याच्या खाली भट्टी पेटवतो. गर्दी थेट त्याच्या उंबऱ्यात येते.

मी इमारतींचे नकाशे करतो, म्हणून खरा धोका सांगतो. वाडा पाडला की नव्या इमारतीचा तळमजला पार्किंगला जातो. वरच्या फ्लॅटमध्ये भट्टी लावता येत नाही, ठोक्यांवरून शेजारी तक्रार करतात. तांबटाला घर मिळतं, पण त्याचा कारखाना जातो. दोनचार वाडे असे झाले की आळीचं फक्त नाव उरतं, बुरूड आळी, शिंपी आळीसारखं. वारसा जपणाऱ्या इंटॅक संस्थेच्या पुणे शाखेनं इथल्या कारागिरांना डिझाइनरांशी जोडून नव्या वस्तू घडवून घेतल्या, ते काम मोलाचं होतं. पण नवा दिवा घडवायलासुद्धा भट्टीला जमीन लागते. पुनर्विकासाच्या परवानगीतच तळमजल्यावर कारखान्याची जागा, धुराडं आणि जाड भिंती बांधून घ्या. रविवारचं नंतर बघू.

कसबेकर
नियम बदलायला वर्षं जातील. तोवर उरलेली पोरं दुसऱ्या नोकरीला लागलेली असतील.

नकाशेवाला
म्हणूनच आज अर्ज द्यायला हवा. कार्यक्रमाच्या बॅनरसाठी जेवढे हेलपाटे घालाल, तेवढे या अर्जासाठी घाला. मी नकाशा फुकट काढून देतो.

डोंबिवलीची
बाहेरची आहे, तरी लिहिते. आईची दोन तपेली आणि एक पितळी पातेलं माझ्याकडे पडून आहे. आतून कल्हई उडालीय, म्हणून वापरता येत नाही. पूर्वी दारावर कल्हईवाला यायचा. भांडं तापलं की नवसागर टाकायचा, पांढरा धूर नाकात झोंबायचा, मग कथिलाची कांडी टेकवून कापसानं फिरवलं की काळं भांडं चांदीसारखं व्हायचं. आम्ही पोरं तोवर हलायचो नाही. आता इकडे कुणी येत नाही.

तुम्ही मला बघायला बोलावलंत तर मी एकदा येईन. भांडी उजळून, पोचे काढून, कान बसवून मिळणार असतील तर दरवर्षी येईन, सोबत बहिणीची आणि जावेचीही घेऊन येईन. मजुरी सांगाल ती देईन.

मठार
हे जमण्यासारखं आहे. डाग लावणं म्हणजे झाळून सांधणं, पोचे काढणं, तळ बदलणं, ही आमचीच कामं. कल्हईवाले ओळखीचे आहेत. दुरुस्तीला आलेला माणूस घासाघीस कमी करतो, कारण भांडं त्याच्या आईचं असतं. भांडं ठेवून गेला की न्यायला परत येतो, आणि तेव्हा नवा तांब्या हातात घेऊन त्याचं वजन बघतो. पोरांच्या हातात हातोडा मात्र देणार नाही.

रविवारऐवजी शनिवार ठेवा, तो आमचा कामाचाच वार. लग्नसराईचे महिने सोडा, तेव्हा हंडा-कळशीच्या ऑर्डरी असतात.

कसबेकर
शनिवार मान्य. गाड्या पूर्ण बंद न करता फक्त सकाळी नऊ ते एक थांबवू. नकाशेवाले, अर्जाचं काम सोबतच धरू. तांबटांच्या सह्या मी गोळा करतो.

पेठेतली सून
रुग्णवाहिकेसाठी एक बाजू कायम मोकळी राहील, हे त्याच अर्जात लिहा. आणि सह्या फक्त कारखानेवाल्यांच्या नकोत, वरच्या मजल्यावरच्या भाडेकरूंच्याही घ्या. आमच्याकडे संध्याकाळी सातनंतर या.