शब्दचर्चा : ‘प्रतारणा’, ‘घटस्फोट’ आणि १८९१ सालची नायिका

प्रश्न

एका चित्रपटाचे संवाद लिहिते आहे. काळ १८९१, जागा सदाशिव पेठ, घर ब्राह्मणाचं. नायिकेचं लग्न नवव्या वर्षी झालंय, आता ती सोळाची आहे. नवरा कचेरीत कारकून. त्याचं एका बाईकडे जाणं-येणं आहे आणि ते हिला कळतं. पुढे घरी शिकायला राहिलेल्या एका विद्यार्थ्याकडे हिचंही मन ओढ घेतं. पहिल्या भांडणात मी तिच्या तोंडी लिहिलंय, ‘तुम्ही माझी प्रतारणा केलीत. मला घटस्फोट हवा.’ वाक्य व्याकरणात बसतं, पण त्या घरात बसत नाही. त्या काळी या गोष्टींना काय म्हणत?

उत्तर

दोन्ही शब्द काढा. आधी ‘घटस्फोट’ काढा, कारण तिथे अर्थच उलटा होतो. धर्मशास्त्रात घटस्फोट हा जातीबाहेर टाकण्याचा विधी आहे. पतित ठरलेलं माणूस जिवंत असतानाच मेलं असं धरायचं आणि त्याच्या नावाने पाण्याचा घडा पालथा करायचा किंवा फोडायचा. वाकडं पाऊल पडलेल्या बाईवरही हा विधी होई. गिरीश कासारवल्लींच्या १९७७ च्या ‘घटश्राद्ध’ या कन्नड चित्रपटात गरोदर राहिलेल्या विधवेच्या वाट्याला हेच येतं. नवरा-बायकोची कायदेशीर ताटातूट हा आजचा अर्थ नंतरचा. १८९१ मधल्या भटजीच्या कानावर ‘मला घटस्फोट हवा’ हे शब्द पडले तर ही मुलगी स्वतःच्या नावाने घडा फोडायला सांगते आहे असंच त्याला वाटेल. शिवाय ब्राह्मण घरात बायकोला लग्नातून सुटायची वाटच नव्हती. जी गोष्ट नाही, तिचं नाव ती कुठून आणणार?

‘प्रतारणा’ म्हणजे फसवणूक. शब्द जुना आहे, पण पोथीतला. सावकाराने केली तरी प्रतारणाच. जोडीदाराशी बेइमानी एवढाच नेमका अर्थ त्याला अलीकडच्या लेखनाने दिलाय. ‘विवाहबाह्य संबंध’ तर सरळ आजच्या वर्तमानपत्राचा.

उत्तर

‘व्यभिचार’बद्दल थोडं सांगतो, कारण संवादात तो लगेच सुचतो. वि + अभि + चर्, म्हणजे ठरलेली वाट सोडून जाणं. न्यायशास्त्रात, म्हणजे जुन्या तर्कशास्त्रात, जो हेतू (दिलेलं कारण) साध्य (सिद्ध करायची गोष्ट) सोडून भलतीकडेही आढळतो तो व्यभिचारी. रसशास्त्रात येऊन-जाऊन असणारे ३३ भाव तेही व्यभिचारी, आणि गीतेतली ‘अव्यभिचारिणी’ भक्ती म्हणजे दुसरीकडे न ढळणारी. इतका शांत, शास्त्रातला शब्द मराठीत येऊन शिवीच्या जवळ गेला. तुमच्या चित्रपटात तो कीर्तनकाराच्या, शास्त्रीबुवांच्या किंवा वकिलाच्या तोंडी शोभेल. सोळा वर्षांची मुलगी तो उच्चारणार नाही.

उत्तर

मूळ अडचण शब्दाची नसून व्यवस्थेची आहे, असं मला वाटतं. त्या काळच्या मराठीत या विषयाचे शब्द भरपूर आहेत, पण ते बाई आणि पुरुषात सारखे वाटून दिलेले नाहीत.

बाईसाठी शिंदळकी, जारकर्म, बदफैली. पेशवाईतल्या कागदांत ‘शिंदळकी’ आणि ‘बदअंमल’ हे नोंदलेले गुन्हे आहेत. त्यांचा दंड वसूल होई, आणि अशा आरोपावरून बायकांना सरकारच्या कुणबिणी, म्हणजे गुलाम दासी, केल्याचेही दाखले आहेत. ‘बदफैली’ म्हणजे बद फेल, वाईट कृत्य. व्युत्पत्तीत कुठेही बाई नाही, पण वापरात शब्द बहुतेक वेळा बाईलाच चिकटतो.

पुरुषासाठी ‘बाहेरख्याली’. म्हणजे लक्ष बाहेर आहे, एवढंच! त्याने ठेवलेल्या बाईला ‘अंगवस्त्र’ म्हणत. अंगवस्त्र म्हणजे खांद्यावरचं उपरणं, आणि जिवंत बाईला हा शब्द लावताना कुणाची जीभ अडखळत नसे. याची मला दरवेळी चीड येते. हा शब्द मात्र चित्रपटात जरूर ठेवा. नवऱ्याच्या मित्रांच्या बैठकीत तो सहज येऊन गेला, तर नायिकेला कुणी काही समजावून सांगावं लागणार नाही.

कायदाही याच वळणाचा होता. १८६० च्या दंडसंहितेतलं ४९७ वं कलम असं की, दुसऱ्याच्या बायकोशी तिच्या नवऱ्याच्या संमतीवाचून संबंध ठेवणारा पुरुष गुन्हेगार, शिक्षा पाच वर्षांपर्यंत. तक्रारीचा हक्क त्या नवऱ्याचा. स्वतःच्या नवऱ्याविरुद्ध बायकोला त्यात काहीच जागा नव्हती. हे कलम रद्द झालं २०१८ मध्ये. आणि नवऱ्याने दुसरं लग्न करून सवत आणली, तर तो धर्माने आणि कायद्याने मोकळाच. मुंबई इलाख्यात द्विभार्येला बंदी आली १९४६ ला आणि देशभर हिंदू विवाह कायदा झाला १९५५ ला. तेव्हा तुमच्या कारकुनाला कुणी जाब विचारलाच, तर ‘बाहेर जाण्यापेक्षा दुसरी करायची होती’ असं म्हणणारं वडीलधारं माणूस घरातच सापडेल.

प्रश्नकर्ती

म्हणजे तिला बोलायला भाषाच नाही?

उत्तर

आहे, पण नामांत नाही, क्रियापदांत आहे. आमच्याकडच्या म्हाताऱ्या बायकांच्या बोलण्यात ‘पाय घसरला’, ‘तोंड काळं केलं’, ‘शेण खाल्लं’ असंच यायचं. ‘पाऊल वाकडं पडलं’ हे मात्र बाईबद्दल, पुरुषाचं पाऊल वाकडं पडल्याचं मी क्वचितच ऐकलंय. पुरुषाबद्दल आवाज खाली आणून ‘त्यांचं पाऊल घरात ठरत नाही’.

दुसरं म्हणजे तुमच्या वाक्यातलं ‘तुम्ही’. त्या घरातली बायको नवऱ्याला ‘इकडून’, ‘इकडे’ म्हणेल, दुसऱ्याशी बोलताना ‘तिकडची स्वारी’. कर्ता झाकायचा आणि क्रियेला नाम करायचं : ‘इकडून जेवणं झालं का?’ या वळणात नवऱ्यावर आरोप करणं जवळजवळ अशक्य आहे, आणि नाट्यही तिथेच आहे. ‘इकडून रात्री कुठं जाणं होतं ते ठाऊक आहे मला.’ एवढंच म्हणू दे तिला. पुढे जेव्हा ती ‘तुम्ही’वर येईल, तेव्हा त्या एका शब्दानेच प्रेक्षक सावरून बसेल.

उत्तर

वरच्या मताला एक जोड. त्या काळी कुणी बाई सडेतोड बोललीच नाही असं मानू नका. बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांचं ‘स्त्रीपुरुष तुलना’ १८८२ चं. सुरतेच्या एका ब्राह्मण विधवेवर बालहत्येचा खटला चालला, त्यावरून उठलेल्या गदारोळाला हे उत्तर होतं. जे दोष बायकांच्या माथी मारता ते पुरुषांत नाहीत का, हा त्यांचा प्रश्न. तुमच्या नायिकेला वाचता येत असेल तर हे पुस्तक किंवा त्याची कुजबुज तिच्यापर्यंत पोचू शकते.

उत्तर

लग्नाच्या बाजूचे शब्दही तपासा. ‘लग्न झालं’ आणि ‘नांदायला गेली’ यांत तेव्हा वर्षांचं अंतर असे. मधे न्हाण येणं, मखरात बसवणं आणि मग फलशोभन, म्हणजेच गर्भाधानाचा विधी. ‘मधुचंद्र’ चुकूनही नको. रखमाबाईंचा खटला याच अंतरात उभा राहिला : अकराव्या वर्षी लग्न, नवऱ्याच्या घरी नांदायला त्या गेल्याच नाहीत. १८८४ मध्ये नवऱ्याने दावा लावला. १८८५ मध्ये निकाल रखमाबाईंच्या बाजूने लागला, पण १८८७ मध्ये कोर्टाने नांदायला जा, नाहीतर सहा महिने तुरुंगात जा असं सांगितलं. १८८८ मध्ये पैसे देऊन प्रकरण मिटलं. आणि तुमचं १८९१ हे तर संमतिवयाच्या कायद्याचं साल. शरीरसंबंधासाठी मुलीच्या वयाची मर्यादा दहावरून बारावर गेली. टिळक विरोधात, आगरकर आणि भांडारकर बाजूने. पुण्यात ‘गर्भाधान’ हा शब्द तेव्हा सभेत आणि वर्तमानपत्रात मोठ्याने बोलला जात होता. ज्या मुलीबद्दल बोलणं चाललंय ती माजघरात बसून ते ऐकते आहे, असा प्रसंग तुम्हाला आयता मिळतो.

प्रश्नकर्ती

फार उपयोग झाला. ‘घटस्फोट’ काढला, पण तिच्या स्वतःच्या प्रकरणानंतर जातीच्या सभेत तो मूळ अर्थाने आणते आहे. सासू काय म्हणेल? ‘शिंदळकी केलीस’?

उत्तर

सासू घरातल्या घरात इतका उघडा शब्द काढेल असं वाटत नाही. ऐकणाऱ्या शेजारणी आहेत ना. ‘कुळाला काळोखी आणलीस’ म्हणेल, किंवा नुसतं ‘शेण खाल्लंस’. ‘शिंदळकी’ सभेतल्या एखाद्या गृहस्थाला द्या. तो शब्द तिच्यावर टाकायची मुभा त्यालाच होती.

उत्तर

हे सगळं ब्राह्मण घरापुरतं. तुमच्या घरात काम करणारी कुणबी बाई असेल तर तिची भाषा वेगळी लिहा. तिच्याकडे काडीमोड आहे, सोडचिठ्ठी आहे, फारकत आहे. फारकत म्हणजे मुळात देण्याघेण्यातून मोकळीक दिल्याचा कागद. काडीमोड झाल्यावर पाट लावता येतो, म्हणजे दुसरं लग्न करता येतं. मालकिणीला जे मागताही येत नाही ते हिच्या बहिणीने पंचांपुढे मिळवलेलं असू शकतं, आणि ते ही बाई भांडी घासता घासता सहज सांगून जाईल.