मदत हवी आहे: फर्नेसचा पंखा खरखरतोय, बेअरिंग गेलं की चाक सरकलं?

मंडळी, घर गरम ठेवणाऱ्या फर्नेसच्या पंख्याने आठवडाभर डोकं उठवलंय. बर्नर पेटतो तेव्हा सगळं शांत; थोड्या वेळाने ब्लोअर (गरम हवा घरभर ढकलणारा हाच पंखा) सुरू झाला की आधी 'कीऽऽ' आणि मग एकसारखी खरखर. बर्नर विझल्यावर पंखा काही वेळ फिरत राहतो, तेव्हाही तेच. म्हणजे दुखणं पंख्याचंच.

फिल्टर पार काळा झाला होता, तो बदलला. फरक शून्य. पत्र्याचं झाकण हाताने दाबून पाहिलं, तरी आवाज तसाच. मग मेन स्विच बंद करून पंख्याचं पात्यांचं चाक हाताने फिरवलं. एका जागी ते कडेला घासतं. तिथे पत्र्यावर चकचकीत ओरखडाही उमटलाय. चाक ज्यावर बसतं तो मोटरचा दांडा वरखाली केला तर किंचित खेळतो. (पात्यांत धूळ इतकी, की बोटाने नाव लिहावं!)

चाक दांड्यावर आवळणारा स्क्रू ढिला झाला असेल, की बेअरिंगच गेलं? मोटरला तेल घालायचं भोक दिसत नाही. नुसती मोटर बदलून भागेल, की चाकही सोबत बदलावं? आणि तोवर हीटर चालवला तर चालेल का? बंद ठेवला तर थंडीने झोप नाही, चालू ठेवला तर आवाजाने.