'बॅटल ऑफ अल्जिअर्स'ला निःपक्षपाती म्हणायचं का?

दीपस्तंभ: 'दोन्ही बाजू सारख्याच दाखवल्यात' हे अल्जीरियाच्या फ्रान्सविरुद्धच्या स्वातंत्र्यलढ्यावरच्या या १९६६च्या सिनेमाचं कौतुक मला पटत नाही. निर्मात्यांपैकी एक आणि त्यात जाफर या बंडखोर नेत्याचं काम करणारा सादी यासेफ स्वतः एफएलएनचा, म्हणजे फ्रान्सशी लढणाऱ्या स्वातंत्र्यवादी संघटनेचा, अल्जिअर्समधला लष्करी प्रमुख होता. ३० सप्टेंबर १९५६ला एफएलएनने शहरात तीन बॉम्ब ठेवले. मिल्क बार आणि कॅफेटेरियातले फुटले, एअर फ्रान्सच्या कचेरीतला फुटलाच नाही. पडद्यावर तिन्ही फुटतात. एमएनए या प्रतिस्पर्धी स्वातंत्र्यवादी संघटनेचा तर मागमूसही नाही, आणि १९५७ साली मेलूझात एफएलएनने तिच्याकडे झुकलेल्या गावकऱ्यांची कत्तल केली होती.

रानवाट: मेलूझा अल्जिअर्सपासून लांब आहे, सिनेमा शहरापुरता आहे. एमएनएचं मान्य. पण तिसरा स्फोट वाढवून पाप कुणाच्या माथी आलं? एफएलएनच्याच! शिवाय बॉम्ब ठेवणारी बाई समोरचे चेहरे न्याहाळते, त्यात आइस्क्रीम खाणारं पोरही आहे. त्याआधी र्यू द तेब या गल्लीतला, कस्बा या जुन्या अल्जीरियन वस्तीतल्या झोपलेल्या घरांवर फ्रेंच बाजूने केलेला स्फोट दिसतो. दोन्हीकडच्या मेलेल्यांवर शोकसंगीत एकच आहे. प्रचारपट असं करत नाही.

दीपस्तंभ: संगीत सारखं असेल, पण मॅथ्यूचं काय? मासू, बिजार अशा फ्रेंच लष्करी अधिकाऱ्यांवरून बेतलेला हा कर्नल इतका सुसंस्कृत की छळ करणाराच सगळ्यात समंजस वाटतो. एफएलएनचा नेता बेन म्हिदी याच्या फ्रेंच कैदेतल्या मृत्यूला तेव्हा आत्महत्या म्हटलं गेलं. ती हत्या होती, हे फ्रेंच जनरल ओसारेसने २००१मध्ये स्वतः कबूल केलं. सिनेमा मात्र पत्रकारांच्या संशयापाशी थांबतो.

पाणपोई: मॅथ्यू सभ्य आहे म्हणूनच तो भाग अंगावर येतो. फळ्यावर तो एफएलएनची रचना म्हणून त्रिकोणांची उतरंड काढतो: प्रत्येकाला फक्त तिघं ठाऊक, ज्याने भरती केलं तो आणि स्वतः भरती केलेले दोघं. पकडलेला माणूस २४ तास गप्प राहिला की त्याच्याकडची माहिती शिळी होते, बाकीचे ठिकाण बदलतात. म्हणून मॅथ्यूच्या पॅराट्रूपर्सना (छत्रीधारी सैनिकांना) घाई, आणि घाईतून छळ. हा हिशेब थंडपणे मांडल्यामुळे तो कुणा एका क्रूर अधिकाऱ्याचा दोष राहत नाही, सरकारी धोरण ठरतो. मॅथ्यू पत्रकारांना उलट विचारतोच: फ्रान्सने अल्जीरियात राहावं का? 'हो' म्हणत असाल तर परिणामही स्वीकारा.

रानवाट: आणि फ्रान्सने ही सगळी कारवाई जिंकूनही काय झालं? ऑक्टोबर १९५७मध्ये एफएलएनचा अली ला प्वांत लपलेलं घरच सुरुंगाने उडवलं, उतरंड मोडली. डिसेंबर १९६०मध्ये त्याच वस्त्या झेंडे घेऊन रस्त्यावर आल्या. सिनेमा शेवटी तिथेच जातो.