चाचणीत नाव घातलं आणि पाकिटातून निघालं ‘वेटिंग’

किल्लीवाली

नमस्कार. जरा लांबण लावून विचारते, सांभाळून घ्या.

सोळा वर्षं चालवलेलं शिवणकामाचं युनिट पाच महिन्यांपूर्वी बंद केलं. मशिनं विकली, बायकांचे पैसे चुकते केले, शटर ओढलं. तेव्हा रडलेबिडले नाही. पण अजूनही सकाळी नऊच्या सुमाराला हात आपोआप पर्समध्ये जातो आणि किल्ल्यांचा जुडगा चाचपतो. कुलूप आता दुसऱ्याचं झालंय, जुडगा माझ्याकडेच. पहाटे तीनला जाग येते ती येतेच. मग ‘ती मोठी ऑर्डर घेतलीच नसती तर’ हे दळण उजाडेपर्यंत.

डॉक्टर म्हणाले, डिप्रेशन नाही, ॲडजस्टमेंट डिसऑर्डर आहे, म्हणजे आयुष्यातला मोठा बदल पचवताना होणारा त्रास. त्यावरच्या उपचारांची एक चाचणी सुरू होती, तिच्यात नाव घातलं. अर्ध्या लोकांना लगेच समुपदेशन, अर्ध्यांना दहा आठवड्यांनी. पाकीट उघडलं तर माझं ‘वेटिंग’. दर पंधरा दिवसांनी एक फोन येतो, ० ते ४ मध्ये उत्तरं द्यायची, संपलं.

आता खरं सांगते. मागच्या फोनला मी सगळीकडे ४-४ सांगितलं. वाटलं, वाईट दिसलं तर लवकर बोलावतील. कुणी बोलावलं नाही. आम्ही काय नुसते रकाने भरायला आहोत का? सोडून देऊ?

दाणकन

ताई, झोपेची गोळी घ्या आणि मोकळ्या व्हा. या चाचण्या म्हणजे डॉक्टरांचे पेपर छापायचे धंदे.

फोनवरचा

असे फोन करणं हेच माझं काम (तुमच्या चाचणीत नाही, दुसरीकडे). म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी दाणकन यांना. बेंझोडायझेपिन गटातल्या झोपेच्या आणि घबराटीच्या गोळ्या आघातानंतर सरसकट देऊ नयेत, असं आता बहुतेक मार्गदर्शक सूचना सांगतात. सवय लागते हे एक, आणि पीटीएसडी (आघाताच्या आठवणी परत परत उसळून छळतात तो आजार) त्यांनी टळत नाही हे दुसरं. डॉक्टरांनी थोड्या दिवसांसाठी दिली तर गोष्ट वेगळी.

किल्लीवाली ताई, तुमच्या आजाराची गंमत अशी की तो बऱ्याच जणांचा आपसूक बरा होतो. आयसीडी-११ मध्ये, म्हणजे जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या यादीत, तर व्याख्येतच आहे: ताणाचं कारण फार रेंगाळलं नाही, तर साधारण सहा महिन्यांत लक्षणं ओसरतात. आता समजा सगळ्यांनाच समुपदेशन दिलं आणि दहा आठवड्यांनी बहुतेकांना बरं वाटलं. समुपदेशनाने वाटलं की दिवस गेल्याने? थांबलेले लोक शेजारी नसतील तर हे कुणालाच सांगता येणार नाही.

‘बोललं की बरं वाटतं’ यावर माझाही पूर्वी डोळे झाकून विश्वास होता. अपघातानंतर लगेच माणसाला बसवून घडलेलं सगळं एकदा वदवून घ्यायचं, याला डीब्रीफिंग म्हणत, आणि ते जिकडेतिकडे चाले. १९९७ साली भाजलेल्या रुग्णांवरची एक ब्रिटिश चाचणी छापून आली. तेरा महिन्यांनी पाहिलं तर डीब्रीफिंग झालेल्यांत पीटीएसडी २६ टक्क्यांना, न झालेल्यांत ९ टक्क्यांना. पहिल्या गटाच्या जखमा मुळात जास्त गंभीर होत्या, त्यामुळे सगळं खापर डीब्रीफिंगवर फोडता येत नाही. पण अनेक चाचण्या एकत्र तपासणाऱ्या २००२ च्या कॉक्रेन आढाव्यातही एका बैठकीच्या डीब्रीफिंगचा फायदा दिसला नाही, आणि ते सक्तीनं करणं थांबवा असं तिथे स्पष्ट लिहिलं गेलं. तुलनेचा गट नसता तर भल्यासाठी म्हणून आम्ही ते करतच राहिलो असतो.

तुमची तक्रार मात्र अगदीच चूक नाही. वेटिंगवरची माणसं ‘आता दहा आठवड्यांनी बघू’ म्हणून स्वतःचे प्रयत्नही सोडतात. मग उपचार आहे त्याहून भारी दिसतो. नैराश्यावरच्या चाचण्यांत हे दिसलंय. म्हणून चालायला जात असाल, मैत्रिणीशी बोलत असाल, तर थांबवू नका.

त्या ४-४ बद्दल रागावत नाही. असं करणाऱ्या तुम्ही पहिल्या नाही. पण फोन करणाऱ्याला तुमचा गट कोणता हे मुद्दाम कळू दिलेलं नसतं, त्यामुळे त्याच्यापुढे कितीही वाईट आकडे ठेवले तरी नंबर पुढे सरकत नाही. समन्वयकांना फोन करून खरं सांगा. सोडायचं असेल तर कधीही, कारण न देता सोडता येतं, आणि त्यामुळे तुमचे नेहमीचे उपचार अडत नाहीत. आणि जीव नकोसा वाटायला लागला, तर दहा आठवडे मोजत बसायचं नाही. त्याच दिवशी डॉक्टरांना सांगायचं.

साडेतीन_ओळी

मी दुसऱ्या टोकाची. गाडीचा अपघात, पीटीएसडी. तुमच्यासारखं ‘असं केलं असतं तर’ नव्हतं माझं. ब्रेकचा आवाज आला की मी परत त्याच सीटवर. दोन्ही आजार एकाच कपाटात ठेवतात, पण खण वेगळे.

मला लेखनाचे उपचार मिळाले. पाच बैठका, प्रत्येक वेळी अर्धा तास हाताने लिहायचं, थेरपिस्ट खोलीबाहेर. पहिल्या दिवशी अर्ध्या तासात साडेतीन ओळी झाल्या, त्यातली एक खोडलेली. पाचव्या दिवशी कागद पुरले नाहीत. २०१८ मध्ये या पद्धतीची बारा बैठकांच्या उपचाराशी तुलना झाली होती, १२६ जणांवर. गुण कमी पडला नाही. मध्येच सोडून जाणारे इकडे सहा टक्क्यांच्या आसपास, तिकडे चाळीसच्या. ते वाचून मला त्या वेटिंगवाल्या, पाकिटंवाल्या लोकांबद्दल पहिल्यांदा बरं वाटलं. कुणीतरी रकाने भरले म्हणून माझ्या सात बैठका वाचल्या.

आता तुम्ही लगेच वही घेऊन बसू नका हं. ते माझ्या खणातलं औषध.

दाणकन

बरं बाबा. गोळीचं मागे घेतो. पेपर छापायचं नाही.

किल्लीवाली

फोन केला. समन्वयक बाई ओरडतील वाटलं होतं. त्या म्हणाल्या, “थांबा हं, फॉर्म काढते,” आणि एकेक प्रश्न परत वाचला. ४ चे बहुतेक २ झाले, दोन ठिकाणी १. एकावर मी अडले. नको असताना त्या गोष्टीचे विचार येतात का? मी म्हटलं, सकाळी नऊला येतात, दुपारी नाही, मग काय लिहायचं? त्या म्हणाल्या, सात दिवस मिळून किती त्रास झाला ते सांगा. मग ३.

झोपेचा ४ मात्र तसाच ठेवायला सांगितला. तो खराच होता.