मदत हवी आहे: सासूबाईंचे आयरिश आजोबा सापडत नाहीयेत

गवतीचहा: आम्ही बॉस्टनला असतो. सासूबाई मार्चमध्ये ७५ च्या होतील, त्यांना वंशावळ करून द्यायचीय. आजोबा सलिव्हन, आयर्लंडच्या कॉर्क परगण्यातून आले, घरात एवढंच माहीत. डीएनए टेस्ट पण झाली, हजारो मॅच (डीएनए जुळणारे नातेवाईक) आलेत, सगळे चौथे-पाचवे चुलत. दोन महिने झाले, डोकं पिकलंय. कुठे शोधू, पटकन सांगा.

सह्यकडा: कॉर्कमध्ये सलिव्हन म्हणजे कोल्हापुरात पाटील! गाव कुठलं, आले कधी, आजोबा आईकडचे की वडिलांकडचे? आणि डीएनए कुणाचा?

गवतीचहा: नवऱ्याचा, अजून कुणाचा. वडिलांकडचे. १८८८ च्या आसपास आले.

चकलीवाला: एलिस आयलंडच्या, म्हणजे न्यूयॉर्कला बोटीने येणाऱ्यांची नोंद व्हायची तिथल्या याद्या बघा. तिथले कारकून नावं बदलायचे, म्हणून सापडत नाहीत.

सह्यकडा: एलिस आयलंड उघडलं १८९२ ला, हे त्याआधीच आलेत. आणि नावं बदलायची ही दंतकथाच, याद्या जहाजावरूनच यायच्या.

पंत_पुणेकर: आमच्या घराण्याच्या सात पिढ्या त्र्यंबकेश्वरला उपाध्यायांच्या वहीत मिळाल्या, सह्यांसकट.

चकलीवाला: सलिव्हन कशाला जातील त्र्यंबकला? ते सोडा, नवऱ्याची वाय (पुरुषांतल्या वाय गुणसूत्राची) टेस्ट करा, थेट आडनाव लागतं.

मेथीपराठा: अहो, वाय बापाकडून मुलाकडे जातं, नवऱ्याचं वाय सासऱ्यांचं. सासूबाईंना भाऊ असेल तर त्याची करा. त्याआधी सासूबाईंचीच साधी टेस्ट करा. त्यांच्या डीएनएचा साधारण पाव हिस्सा आजोबांचा, मुलात त्याच्या निम्माच. मी स्वतः याच चुकीत वर्ष घालवलंय.

सह्यकडा: कागद आधी. आयर्लंडची १८२१ ते १८५१ ची शिरगणती बहुतेक १९२२ च्या आगीत गेली, पुढच्या चार सरकारनेच नष्ट केल्या, म्हणून अख्खी अशी १९०१ चीच मिळते आणि तोवर तुमचे आजोबा इकडे. पण १८६४ पासून कॅथलिकांच्याही जन्माची सरकारी नोंद आहे, ऑनलाइन, फुकट, त्यात आईचं माहेरचं आडनाव आणि वस्तीचं नाव असतं. ते आडनाव कळलं की झालं. लग्न कुठे झालं?

गवतीचहा: बॉस्टनलाच, १८९५. कागद आहे की माझ्याकडे, वडील डेनिस, आई मेरी हॅरिंग्टन. हे लिहायचं होतं का?

सह्यकडा: 🤦 हॅरिंग्टन आणि सलिव्हन एकत्र म्हणजे पश्चिम कॉर्कचं बिआरा बघा आधी, दोन्ही आडनावं तिथे खंडीभर. जन्मनोंदीच्या कॅसलटाउन विभागात शोधा. मॅचेसमध्ये अमेरिकेतल्या मोंटाना राज्यातल्या ब्यूट गावचे लोक आहेत का?

गवतीचहा: आहेत ना, सतरा जण! मला वाटलं काहीतरी चुकलंय, म्हणून बाजूला काढले होते.

सह्यकडा: चुकलं नाहीये. बिआरात अलिहीजला तांब्याच्या खाणी होत्या, तिथला धंदा बसला तशी ती माणसं ब्यूटच्या तांब्याच्या खाणीत गेली. त्या सतरा जणांच्या वंशावळींत हॅरिंग्टन शोधा.

गवतीचहा: सासूबाईंना आत्ता ब्यूट म्हटलं, तर म्हणतात, आजोबांचा भाऊ तिकडेच खाणीत होता की! दोन महिन्यांत बोलल्या नाहीत. म्हणे, तू विचारलंच कुठे.

नवाभिडू: आयरिश पासपोर्ट काढताय का? आजोबा तिकडे जन्मलेले म्हणजे सासूबाईंना नोंदणी करून मिळेल. नवऱ्याला नाही, त्याच्या जन्माआधी त्यांनी नोंदणी केली असती तरच.

गवतीचहा: पासपोर्ट नकोय ओ, वाढदिवस आहे.